कौटुंबिक विनोदी मालिकेतील माणूस निघून गेल्यावर त्याची जागा भरावी की रिकामी ठेवावी?

प्रश्न : जुळे सोलापूरची सून

आमच्या घरी रात्री साडेआठला ताटे वाढली जातात आणि त्याच वेळी ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही हिंदी विनोदी मालिका लावली जाते. हा क्रम मी लग्न होऊन या घरात येण्याच्या आधीपासूनचा आहे. माझ्या सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. ते गिरणीत जॉबर होते आणि आता ७९ वर्षांचे आहेत. सासूबाईंना मी आत्या म्हणत असे. त्यांना हिंदी बोलता येत नसे, पण मालिकेतल्या दयाने माहेरी आईला फोन लावला किंवा कारण नसताना गरबा धरला की त्या इतक्या मोकळेपणाने हसत की शेजारच्या वहिनींना भिंतीपलीकडून कळे, मालिका सुरू झाली आहे.

दयाची भूमिका करणाऱ्या दिशा वकानी २०१७ च्या सप्टेंबरमध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि पुन्हा नियमित कामावर आल्या नाहीत. कथेत दया अहमदाबादला माहेरी गेलेली आहे. ती येणार, आज येणार, उद्या येणार असे कितीतरी वेळा सूचित झाले; तिचा नवरा जेठालालने घर सजवले, सोसायटी दारात उभी राहिली आणि प्रत्येक वेळी तिचे येणे लांबले. आत्या होत्या तोपर्यंत त्या दर वेळी विश्वास ठेवत. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या.

गेल्या महिन्यात जेवता जेवता मामांनी विचारले, “ती माहेराहून कधी यायची? एवढी वर्षं कोण राहतं माहेरी?” माझ्या दहा वर्षांच्या मुलीने सरळ सांगून टाकले की आजोबा, ती बाई आता येणार नाही, तिने काम सोडले आहे. मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग तसं सांगायला पाहिजे की त्यांनी.” त्या रात्री त्यांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. याच मालिकेत इतरांच्या जागा भरल्या गेल्या आहेत. भिडे मास्तरांची सोनू आजवर चार मुलींनी केली, दयाचा मुलगा टप्पू तिघांनी केला, खुद्द तारक मेहता हे पात्र आणि त्याची बायको अंजलीही बदलली. मग दयाचीच जागा एवढी वर्षे रिकामी का? आणि जी मालिका घराची, कुटुंबाची म्हणून आपण पाहतो, तिने माणूस गेल्यावर काय करावे? दुसरा कलाकार आणावा, ते पात्र कायमचे गेले असे कथेत सांगावे, की जागा रिकामी ठेवून वाट पाहत राहावे? ज्यांनी या गोष्टीचा विचार केला आहे किंवा ज्यांना अभिनयाची, लेखनाची माहिती आहे, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर १ : हौशी रंगकर्मी, बाळीवेस

ताई, मी तीस वर्षांहून अधिक काळ हौशी नाटकांत काम करतो आहे आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने हुतात्मा स्मृती मंदिराच्या रंगमंचावर अनेकदा उभा राहिलो आहे, त्यामुळे या प्रश्नाकडे मी आधी नटाच्या बाजूने पाहतो. रंगभूमीवर नट बदलणे ही रोजची गोष्ट आहे. कोणी आजारी पडतो, कोणाची बदली होते, कोणाचे लग्न ठरते. प्रयोग थांबत नाही. एकदा आमच्या नाटकातील आईचे काम करणाऱ्या बाईंना ऐन वेळी येता आले नाही. दुसऱ्या बाईंनी चार दिवसांत भूमिका पाठ केली आणि प्रेक्षकांनी त्यांना आई म्हणून स्वीकारले, कारण त्या रात्रीच्या बहुतेक प्रेक्षकांनी पहिल्या बाईंना पाहिलेलेच नव्हते. नाटकाला रोज नवा प्रेक्षक मिळतो. मालिकेला मात्र तोच प्रेक्षक रोज मिळतो, त्याच खुर्चीत, त्याच ताटासमोर. २००८ ते २०१७ अशी नऊ वर्षे ज्याने एकाच बाईला दया म्हणून पाहिले, त्याच्यासमोर दुसरी बाई उभी करणे ही निराळी परीक्षा आहे.

तरीही सोनू, टप्पू, अंजली बदलले आणि लोकांनी ते मान्य केले, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. याचे कारण मला पात्रांच्या घडणीत दिसते. मूळ लेखक तारक मेहता यांनी ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात १९७१ पासून जे सदर लिहिले, त्यातून ही माणसे आली. कागदावरच्या दयाला आवाज नव्हता. पडद्यावर ती ज्या आवाजात बोलते, जसे शब्द ओढते, “टप्पू के पापा” म्हणताना स्वर जिथे नेऊन ठेवते, ते सगळे दिशा वकानी यांनी स्वतःच्या गळ्यातून उभे केले. ती भूमिका त्यांच्या आवाजावरच उभी आहे. अंजली पथ्याचे जेवण वाढते, सोनू समजूतदार आहे, टप्पू खोड्या काढतो. या पात्रांची ओळख ते काय करतात यावर ठरते आणि ते काम दुसरा कलाकारही करू शकतो. दयाची ओळख ती कशी बोलते यावर ठरली आहे. दुसऱ्या अभिनेत्रीने तोच आवाज काढला तर ती नक्कल होईल आणि स्वतःचा आवाज लावला तर लोक म्हणतील ही दया नव्हे. निर्माते असित कुमार मोदी यांच्यासमोर हा खरा पेच आहे असे मी मानतो आणि केवळ हट्टापायी किंवा प्रेक्षकांना झुलवत ठेवण्यासाठी जागा रिकामी ठेवली आहे, असे मला वाटत नाही.

आता दुसरा भाग. पात्र कायमचे गेले असे का सांगत नाहीत? डॉक्टर हाथीची भूमिका करणारे कवी कुमार आझाद ९ जुलै २०१८ रोजी वारले. कथेत हाथी वारले नाहीत. सुरुवातीच्या काळात हीच भूमिका केलेले निर्मल सोनी परत आले. नट्टू काकांचे काम करणारे घनश्याम नायक ३ ऑक्टोबर २०२१ रोजी गेले आणि पुढच्या वर्षी किरण भट्ट नट्टू काका म्हणून जेठालालच्या दुकानात आले. म्हणजे नट जातो, पात्र जात नाही. मालिकेतल्या गोकुळधाम सोसायटीत कोणाचा मृत्यू होत नाही आणि लग्नासाठी झुरणाऱ्या पोपटलालचे लग्नही होत नाही, कारण लग्न झाले तर पोपटलाल संपला. ज्या गोष्टीवर विनोद उभा आहे, ती गोष्ट सुटू द्यायची नाही, हा या प्रकारच्या मालिकेचा पायाच आहे.

याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या मालिकेचे जुने भाग वाहिनीवर दिवसभर, क्रमाची फारशी पर्वा न करता दाखवले जातात. ४,००० हून अधिक भाग झाले आहेत. दुपारी २०१२ चा भाग, संध्याकाळी २०१९ चा, रात्री आजचा. कथेत एखाद्याचा मृत्यू दाखवला, तर त्यानंतर जुन्या प्रत्येक भागात तो माणूस हसताना दिसला की घरातल्या वडीलधाऱ्यांना वाईट वाटेल आणि विनोदी भाग विनोदी राहणार नाही. म्हणून या मालिकेतील काळ पुढे न जाता गोल फिरत राहतो. मुले तेवढी शाळेतून कॉलेजात गेली, कारण मुलांची उंची लपवता येत नाही.

तुमच्या मामांना जे खटकले ते मला मात्र योग्य वाटते. नट बदलणे हा प्रेक्षकाशी केलेला जुना करार आहे. पडदा उघडला की जो समोर उभा आहे त्याला आई म्हणायचे, हे आपण मान्य करूनच बसतो. “उद्या येईल” असे वारंवार सांगून न येणे हे त्या करारात बसत नाही. मी दिग्दर्शक असतो, तर दया माहेरी आहे एवढेच ठेवले असते आणि तिच्या येण्याचा एकही देखावा उभा केला नसता.

उत्तर २ : अशोक चौक, पूर्वभाग

मी तेलुगू घरातला आहे. मराठी शाळेत शिकलो. आमची अम्मा विड्या वळते. सूप मांडीवर, त्यात कापलेली पाने आणि तंबाखू, आणि दिवसाला हजार विड्यांचे काम. तिचे डोळे हातावर असतात, त्यामुळे टीव्ही ती पाहत नाही, ऐकते. गेली कित्येक वर्षे आमच्या घरात दुपारी ही मालिका केवळ ऐकण्यासाठी लावलेली असते.

वर रंगकर्मी दादांनी आवाजाबद्दल जे लिहिले आहे, त्याला मी घरचा पुरावा देतो. सोढीचे काम करणारे बदलले, तारक मेहता बदलले, अम्माने एक-दोन दिवस विचारले आणि सोडून दिले. हाथी बदलले तेव्हा “सही बात है” ऐकून तिने मान वर केली, पडद्याकडे पाहिले आणि पुन्हा पान उचलले. पुढे हीच मालिका ‘तारक मामा अय्यो रामा’ या नावाने तेलुगूत आली. आम्हा भावंडांना वाटले, अम्माला हिंदी अर्धेच कळते, आता तिला सगळे संवाद समजतील. मी मुद्दाम लावून दिले. दयाने तोंड उघडताच अम्मा म्हणाली की ही दया नाही, पहिले लाव. स्वतःच्या भाषेतले सगळे कळणारे बोलणे तिने नाकारले आणि अर्धे कळणारे हिंदी मागितले, कारण तिच्या ओळखीचा आवाज त्या हिंदीत होता.

म्हणून जागा रिकामी ठेवली ते योग्यच झाले असे मला वाटते. आमच्या भागातील किती घरांत अशी रिकामी जागा आहे! थोरला मुलगा भिवंडीला यंत्रमागावर जातो, दोन महिन्यांनी येतो म्हणतो आणि दोन वर्षे येत नाही. घरी त्याची थाळी फळीवर तशीच असते आणि पाहुण्याला त्या थाळीत वाढत नाहीत. जेठालाल रोज दयाची आठवण काढतो, त्याचे वडील बापूजी सुनेची चौकशी करतात, हे पाहताना आमच्या अम्माला काही खोटे वाटत नाही. बापूजींचे काम करणारे अमित भट्ट प्रत्यक्षात जेठालाल झालेल्या दिलीप जोशींपेक्षा वयाने लहान आहेत, हे मी तिला एकदा सांगितले, तेव्हाही तिला त्यात काही विशेष वाटले नाही. बाप बापासारखा बोलतो, एवढे तिला पुरते.

ताई, मामांना एकदा जुने भाग लावून पाहा. दया असलेले पहिल्या काही वर्षांचे भाग सहज मिळतात. कदाचित त्यांना तेच हवे असेल.

उत्तर ३ : निवृत्त शिक्षक, होटगी रोड

वरील दोन्ही उत्तरे मनापासून लिहिलेली आहेत, परंतु दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे मालिका चालूच राहिली पाहिजे. माझे मत असे आहे की कौटुंबिक मालिकेचा जीव तिच्यातील नात्यांत असतो आणि मुख्य नातेच कथेत उरले नाही, तर उरते ते फक्त मोहल्ल्याचे चित्र. २०१७ पूर्वी ही मालिका जेठालाल आणि दया यांच्या संसाराची होती. आज ती सोसायटीतील माणसांची आहे. ते वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण ते घर राहिले नाही.

आपल्याकडे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ होती. २००१ साली अल्फा मराठीवर ती सुरू झाली, दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर ती आधारलेली होती आणि केदार शिंदे यांनी तिचे दिग्दर्शन केले. आबांचे काम सुरू केले तेव्हा प्रभावळकर स्वतः साठीलाही पोहोचले नव्हते. त्यांचा जन्म १९४४ चा. आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या, एवढेच ते घर. दिवसाचा शेवट आबांच्या डायरीने होई. त्या घरात फारसे काही घडत नसे. कधी मुलाचे कॉलेज, कधी कार्यालयातील अडचण, कधी सुनेचा एखादा नवा छंद. आठवड्यातून एकदाच ती दिसायची, त्यामुळे लिहिणाऱ्याला विचार करायला वेळ मिळे आणि आम्हालाही वाट पाहायला वेळ मिळे. लोकांना कंटाळा येण्याच्या आत ती थांबली. आजही आबा म्हटले की आमच्या पिढीला एकच चेहरा आठवतो, कारण त्या जागी दुसरा कोणी बसवण्याची वेळच आली नाही.

काळ पुढे नेता येत नाही, असे रंगकर्मी म्हणतात. येतो. ‘वागळे की दुनिया’ हे त्याचे उदाहरण आहे. १९८८ साली दूरदर्शनवर ती आली तेव्हा आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील तो कारकून अंजन श्रीवास्तव यांनी केला होता आणि त्याची पत्नी राधिका भारती आचरेकरांनी. कुंदन शाह यांनी ती दिग्दर्शित केली होती. २०२१ मध्ये नवी मालिका आली, तेव्हा तेच दोघे त्याच भूमिकांत, पण आता आजी-आजोबा म्हणून, परत आले आणि त्यांच्या मुलाचा संसार सुमीत राघवन आणि परिवा प्रणती यांनी उभा केला. मध्ये ३३ वर्षे गेली, ती कोणी लपवली नाहीत. केस पांढरे झाले, चाल मंदावली, मुलगा त्या वयाला आला ज्या वयात बाप होता. ज्यांनी जुनी मालिका पाहिली होती, त्यांना पहिल्याच दृश्यात स्वतःचे वय कळले. मला ते पाहताना फार समाधान वाटले.

मामांनी जुनी वागळे पाहिली असेल, तर त्यांना नवी दाखवा. त्यांची तक्रार काळ न हलण्याबद्दलची आहे, असे मला तुमच्या पत्रावरून वाटते.

उत्तर ४ : अक्कलकोट रोड

एक छोटी भर. शिक्षक महोदयांनी मालिका थांबवावी असे सुचवले आहे, त्यावर एवढेच म्हणतो की आठवड्याला एक भाग आणि आठवड्याला पाच-सहा भाग या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. रोजच्या मालिकेवर कलाकार, तंत्रज्ञ, वेशभूषा, प्रकाश, स्वयंपाक अशी कितीतरी माणसे अवलंबून असतात. यंत्रमाग बंद पडला की फक्त मालकाचे नुकसान होत नाही, हे सोलापुरात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. मालिका चालू राहणे हेही त्या घरांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. दयाची जागा भरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चार महिने लोक नावे ठेवतील, पाचव्या महिन्यात पाहतील.

मूळ प्रश्नकर्ती : जुळे सोलापूरची सून

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर देण्यास उशीर झाला, कारण तुम्ही सुचवलेल्या गोष्टी मला आधी करून पाहायच्या होत्या.

पहिल्यांदा अशोक चौकातील दादांनी सांगितल्याप्रमाणे जुने भाग लावले. २००९ च्या आसपासचा एक भाग होता. दया गरबा करत होती, बापूजी चिडले होते, लहानगा टप्पू म्हणजे भव्य गांधी पळत होता. मामा पाहत राहिले. मध्येच त्यांनी आत्यांच्या खुर्चीकडे पाहिले. दुसरा भाग सुरू झाल्यावर त्यांनी मला हाताने थांबवले आणि म्हणाले, “हे नको. हे तिच्यासंगं बघितलेलं आहे सगळं.” दादा, तुमचा सल्ला चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. तुमच्या अम्मांना तो आवाज अजूनही रोजच्या कामात सोबत करतो. आमच्या मामांना तो आवाज ऐकला की शेजारचे हसू आठवते. माणसे वेगळी आहेत.

नंतर होटगी रोडच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे मोबाइलवर नवी वागळे लावली. मामांनी जुनी पाहिलेली होती. गिरणी चालू होती, आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता, पण चाळीतल्या एका घरी सगळे जमत, असे त्यांनी सांगितले. अंजन श्रीवास्तव पडद्यावर दिसताच ते पुढे सरकून बसले. “वागळे म्हातारा झाला की,” असे दोनदा म्हणाले. मग एकदम विचारले, “राधिका हाय का?” मी हो म्हटले. भारती आचरेकर आल्या तेव्हा मामांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. नंतर पूर्ण भाग संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. भाग संपल्यावर त्यांनी माझ्या मुलीला वागळे कुठल्या कंपनीत कामाला होता, स्कूटर घेण्यासाठी त्याने काय काय केले, साहेबाला तो किती घाबरायचा, असे बरेच काही सांगितले. त्यातले किती त्या मालिकेतले होते आणि किती मामांच्या स्वतःच्या नोकरीतले, हे मला वेगळे काढता आले नाही आणि मी काढायचा प्रयत्नही केला नाही.

रंगकर्मी दादा, तुमच्या उत्तरातील कराराची गोष्ट मी मामांना वाचून दाखवली. नट बदलला तर चालेल का, असे विचारले. ते म्हणाले की चालेल, गिरणीत एकाच्या जागी दुसरा यायचाच, पण आलेल्या माणसाला आम्ही त्याच्या नावाने हाक मारायचो, गेलेल्याच्या नावाने नाही. यावर तुमचे काय म्हणणे आहे, ते मला वाचायला आवडेल. दुसऱ्या बाईने ती जागा घ्यावी, पण दया म्हणून घेऊ नये, असा काही मार्ग लेखकाला काढता येतो का?

साडेआठला तारक मेहता अजूनही लागते. ते बंद करायला मामा तयार नाहीत. वागळे मात्र आता दुपारी, मुलगी शाळेतून आली की, दोघे मिळून पाहतात.